नवजात बालकाचा श्वास आणि पोटातले दिवस

बाळ जन्माला आल्याची बातमी घरी पोहोचली की पहिला प्रश्न येतो, मुलगा की मुलगी? दुसरा येतो, वजन किती भरले? बाळ लगेच रडले का, हे एखादी अनुभवी आजी विचारते. पण बाळ किती आठवड्यांचे होऊन जन्मले, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. प्रस्तुत लेखात नवजात बालकांना होणारा श्वसनाचा त्रास कोणत्या कारणांनी होतो आणि त्यांपैकी कोणती कारणे आधीच ओळखता येतात, याची माहिती आम्ही देणार आहोत. ती देताना या न विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाकडे आम्हाला पुन्हा पुन्हा यावे लागेल. लेख लिहिताना परिचर्येचे व विज्ञान शाखेचे विद्यार्थी आणि ज्यांच्या घरी बाळंतपण आहे असे सभासद, असे दोन्ही वाचक आम्ही डोळ्यांपुढे ठेवले आहेत. उपचार अर्थातच डॉक्टरांनी करायचे आहेत. धोका आहे हे त्यांच्या कानावर वेळेत घालणे मात्र बहुतेक वेळा घरच्यांच्या हाती असते.

पहिल्या श्वासाची तयारी

पोटात असताना बाळाला प्राणवायू मिळतो तो आईच्या रक्तातून, वार आणि नाळ यांच्या मार्गे. छातीची थोडी हालचाल ते करते, पण हवा तेथे नसतेच. त्याची फुप्फुसे एका द्रवाने भरलेली असतात आणि हा द्रव फुप्फुसेच तयार करतात. जन्म झाला की काही मिनिटांत सगळी व्यवस्था उलटावी लागते. द्रव बाहेर किंवा रक्तात शोषला गेला पाहिजे, त्याच्या जागी हवा शिरली पाहिजे, आणि आजवर फुप्फुसांना वळसा घालून जाणारे रक्त फुप्फुसांकडे वळले पाहिजे. माणसाच्या आयुष्यात शरीराला इतका मोठा बदल इतक्या थोड्या वेळात पुन्हा कधी करावा लागत नाही.

या बदलासाठी दोन गोष्टींची तयारी आधीपासून लागते. पहिली म्हणजे वायुकोशांच्या आतील बाजूस पसरणारा एक स्निग्ध पदार्थ. त्याला सर्फॅक्टंट म्हणतात. दोन ओल्या काचा एकमेकींवर ठेवल्या तर त्या चिकटून बसतात, हे विद्यार्थ्यांनी प्रयोगशाळेत पाहिलेच असेल. वायुकोश आतून ओले असतात. श्वास सोडला की तेही असेच चिकटून मिटले असते, पण सर्फॅक्टंट पाण्याचा हा ताण कमी करते आणि वायुकोश थोडे उघडे राहतात. ते नसेल तर प्रत्येक श्वास हा नवा फुगा पहिल्यांदा फुगवण्याइतका कष्टाचा होतो. मोठा माणूसही अशा श्वासाने थकेल, मग दोन किलोच्या बाळाची काय कथा! सर्फॅक्टंट साधारण चोविसाव्या आठवड्याच्या सुमारास तयार होऊ लागते आणि पुरेसे साठायला चौतिसावा-पस्तिसावा आठवडा उजाडतो.

दुसरी तयारी प्रसूतीच्या कळा करून देतात. कळा सुरू झाल्या की बाळाच्या शरीरात ॲड्रेनलिनसारखी संप्रेरके वाढतात. फुप्फुसातील द्रव तयार होणे त्यामुळे थांबते आणि असलेला द्रव शोषला जाऊ लागतो. कळांकडे आपण आईच्या वेदना म्हणून पाहतो, पण त्या बाळाच्या फुप्फुसांचे काम करीत असतात हे फार थोड्यांना ठाऊक असते.

सातमाशी आणि अठमाशी

आपल्याकडे एक समज खोल रुजलेला आहे. सातव्या महिन्यात जन्मलेले मूल जगते, आठव्यातले जगत नाही, असे शिकलेल्या घरांतूनही बोलले जाते. वर सांगितलेला हिशेब पाहिला तर हा समज पूर्णपणे उलटा आहे हे लक्षात येईल. आठव्या महिन्यातल्या बाळाच्या फुप्फुसांना चार आठवडे जास्त मिळालेले असतात आणि त्याचा धोका सातमाशापेक्षा कमीच असतो. हा समज कसा पडला असावा? आमचा तर्क असा की पूर्वी जी सातमाशी म्हणून वाचली, त्यांतील बरीचशी प्रत्यक्षात जास्त दिवसांची असावीत. दिवस मोजण्यात चूक झाली असावी. ते काही असो, या समजुतीने नुकसान मात्र होते. आठव्या महिन्यातील बाळ हाती लागणारच नाही असे मनाशी धरून त्याच्यासाठी धावपळ केली जात नाही.

पूर्ण गर्भारपण चाळीस आठवड्यांचे, म्हणजे २८० दिवसांचे धरतात. मोजणी शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून होते. ३७ आठवड्यांपूर्वी जन्मलेले बाळ अपुऱ्या दिवसांचे समजले जाते. अमेरिकेतील अनेक रुग्णालयांच्या नोंदी एकत्र करून २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ३४ आठवड्यांना जन्मलेल्या बाळांपैकी १०.५ टक्के बाळांना सर्फॅक्टंटच्या अभावाचा श्वसनविकार झाला होता. ३८ आठवड्यांच्या बाळांत हेच प्रमाण ०.३ टक्के होते. चार आठवड्यांनी एवढा फरक पडतो.

वजन आणि दिवस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे समजण्यासाठी एक प्रसिद्ध उदाहरण देतो. ७ ऑगस्ट १९६३ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांना मुलगा झाला. त्याचे नाव पॅट्रिक. साडेपाच आठवडे आधी, सिझेरियनने जन्मलेल्या या बाळाचे वजन सुमारे २.१ किलो होते. एवढ्या वजनाची, पण पूर्ण दिवसांची बाळे आपल्याकडे आजही जन्मतात आणि त्यांतील बहुतेक छान श्वास घेतात. पॅट्रिकला मात्र जन्मताच धाप लागली. जगातील सर्वांत सामर्थ्यवान देशाच्या प्रमुखाचा तो मुलगा, पण त्या वेळी या आजारावर उपाय नव्हता. दोन दिवसही पुरे होण्याआधी, ९ ऑगस्टला ते बाळ गेले.

आजाराचे कारण मात्र त्याआधीच सापडले होते. मेरी एलन एव्हरी या डॉक्टर बाईंनी जेरे मीड यांच्यासह १९५९ साली दाखवून दिले की अशा बाळांच्या फुप्फुसांत सर्फॅक्टंट कमी असते. मग न्यूझीलंडमध्ये लिगिन्स हे संशोधक मेंढ्यांवर प्रयोग करीत असताना त्यांना एक अनपेक्षित गोष्ट दिसली. स्टेरॉइड दिल्यानंतर फार लवकर जन्मलेले कोकरू जगायलाच नको होते, पण ते श्वास घेत होते. पुढे लिगिन्स आणि हॉवी यांनी मातांवर अभ्यास केला आणि १९७२ साली तो प्रसिद्ध केला. आईला स्टेरॉइडची इंजेक्शने दिलेल्या गटात ९ टक्के बाळांना हा विकार झाला, न दिलेल्या गटात २५.८ टक्के बाळांना. इतका स्पष्ट निष्कर्ष असूनही अमेरिकेत हे औषध सर्रास द्यावे अशी अधिकृत शिफारस व्हायला १९९४ साल उजाडले. मधल्या बावीस वर्षांत किती बाळे गेली असतील, याचा विचार मनाला चटका लावून जातो.

याच काळात दुसरीकडेही प्रगती झाली. १९७१ साली ग्रेगरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाळाच्या श्वासमार्गात सतत थोडा दाब ठेवून वायुकोश उघडे ठेवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. १९८० साली जपानमध्ये फुजिवारा यांनी सर्फॅक्टंट थेट बाळाच्या फुप्फुसात सोडून दाखवले. पॅट्रिकइतक्या दिवसांचे बाळ आज चांगल्या नवजात शिशू कक्षात बहुधा वाचते.

या इंजेक्शनचा आपल्याशी फार जवळचा संबंध आहे. ते स्वस्त आहे आणि सरकारी यंत्रणेत उपलब्ध आहे. २०१४ साली भारत सरकारने सूचना काढून २४ ते ३४ आठवड्यांत अवेळी कळा सुरू झालेल्या मातेला डेक्सामेथासोन देण्याची मुभा प्रशिक्षित परिचारिकांनाही दिली. गरीब देशांत याचा उपयोग होतो का, अशी शंका काही वर्षे होती. भारतासह पाच देशांत जागतिक आरोग्य संघटनेने केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२० साली आले. औषध दिलेल्या गटातील १९.६ टक्के, तर न दिलेल्या गटातील २३.५ टक्के बाळे पहिल्या महिन्यात दगावली. फायदा स्पष्ट दिसल्यामुळे ती चाचणी ठरल्यापेक्षा आधीच थांबवण्यात आली. पण औषधाला काम करायला वेळ लागतो. बारा-बारा तासांनी चार इंजेक्शने असतात आणि पूर्ण गुण यायला निदान एक दिवस जावा लागतो. म्हणून सातव्या-आठव्या महिन्यात पोट घट्ट होऊन दुखू लागले, कंबर भरून आली किंवा पाणी गेले, तर "सकाळपर्यंत वाट पाहू" असे म्हणण्यात जे तास जातात ते बाळाच्या फुप्फुसांचे असतात. त्याच तासाला निघावे. पोहोचल्यावर दिवस किती भरले हे सांगता आले पाहिजे, कारण औषध द्यायचे की नाही हे त्यावर ठरते.

सोयीची तारीख

आता जी गोष्ट आम्हाला विशेष आग्रहाने मांडायची आहे तिच्याकडे येतो. ३७ आठवडे झाले की दिवस भरले, आता केव्हाही बाळंतपण झाले तरी चालेल, असा समज आहे. आपोआप कळा येऊन बाळंतपण झाले तर बहुतेक वेळा चालतेही. पण कळा येण्यापूर्वीच ठरवून सिझेरियन केले तर वर सांगितलेली दुसरी तयारी झालेलीच नसते. फुप्फुसातील द्रव तसाच राहतो आणि बाळ जन्मल्यापासून भराभर श्वास घेऊ लागते. बहुतेक बाळे दोन-तीन दिवसांत बरी होतात. काहींना मात्र प्राणवायू, यंत्राची मदत आणि अनेक दिवसांचा मुक्काम लागतो. आई एका मजल्यावर, बाळ दुसऱ्या मजल्यावर, अंगावरचे दूध सुरू होत नाही आणि बिल वाढत जाते.

डेन्मार्कमध्ये झालेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातील आकडे विद्यार्थ्यांनी वहीत उतरवून घ्यावेत असे आहेत. कळांपूर्वी ठरवून केलेल्या सिझेरियननंतर श्वसनाचा त्रास ३७ आठवड्यांना १० टक्के बाळांना झाला, ३८ आठवड्यांना ५.१ टक्के आणि ३९ आठवड्यांना २.१ टक्के. नैसर्गिक प्रसूतीचा बेत असलेल्या गटात हेच प्रमाण अनुक्रमे २.८, १.७ आणि १.१ टक्के होते. दोन आठवडे थांबल्याने धोका जवळपास पाचपटीने उतरतो असे औषध आमच्या तरी माहितीत नाही.

आमचे म्हणणे सिझेरियनच्या विरुद्ध नाही. बाळ आडवे असेल, वार खाली असेल, रक्तदाब फार चढला असेल, बाळाचे ठोके मंदावले असतील, तर ती शस्त्रक्रिया दोन जीव वाचवते आणि तिथे आठवडे मोजत बसू नये. हरकत आहे ती कारणाशिवाय तारीख अलीकडे आणण्याला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१९ ते २०२१ या काळात महाराष्ट्रातील २५.४ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्या. त्यांतील किती आवश्यक होत्या हा वेगळा वाद आहे. पण तारीख ठरवताना कोणी मुहूर्त काढून आणतो, कोणाला अमुक नक्षत्र हवे असते, कोणाच्या भावाची रजा संपत असते. डॉक्टरांच्या बाजूनेही सोय पाहिली जात नाही असे नाही. मागच्या वेळी सिझेरियन झालेले आहे, या वेळीही करायचेच आहे, मग दोन आठवडे इकडे किंवा तिकडे, असा सूर आम्ही अनेकदा ऐकतो. अशा वेळी घरच्यांनी नम्रपणे एवढेच विचारावे : "डॉक्टर, त्या दिवशी किती आठवडे पूर्ण होतात? ३९ पर्यंत थांबण्यात काही धोका आहे का?" चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नाचा राग येत नाही.

हे सारे अवलंबून आहे ते मोजणीवर. आपल्या भाषेत 'नऊ महिने नऊ दिवस' म्हणतात. शेवटच्या पाळीच्या तारखेत नऊ महिने सात दिवस मिळवून डॉक्टर तारीख काढतात. जुन्या माणसांचा हिशेब किती जवळचा होता ते पाहा. अडचण अशी की पाळीची तारीखच पुष्कळ जणींना आठवत नाही, किंवा ती अनियमित असते. मग "होळीच्या आसपास" असे सांगितले जाते आणि तीन आठवड्यांची चूक सहज होते. पहिल्या तीन महिन्यांत केलेली सोनोग्राफी दिवस बऱ्यापैकी अचूक सांगते, शेवटच्या महिन्यातली तितकी सांगू शकत नाही. म्हणून पाळी चुकताच नोंदणी करावी आणि तारीख दिनदर्शिकेवर खूण करून ठेवावी. ही खूण नवऱ्यानेही लक्षात ठेवायला हरकत नाही.

आईच्या प्रकृतीतील कारणे

आईला मधुमेह असेल, मग तो जुना असो की गर्भारपणात उद्भवलेला, तर बाळ अंगाने मोठे होते. साडेतीन-चार किलोचे गुटगुटीत बाळ पाहून घरचे खूश होतात. पण आईची साखर वाढली की बाळाच्या रक्तात इन्सुलिन वाढते आणि ते सर्फॅक्टंट तयार होण्याच्या आड येते. अंग मोठे आणि फुप्फुसे मागे, अशी त्याची अवस्था होते. वजनावर विसंबू नये ते यासाठी. गर्भारपणातील साखरेची तपासणी सोपी आहे. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देऊन दोन तासांनी रक्त तपासतात आणि साखर १४० किंवा अधिक आली तर उपाय सुरू करतात. उपाशी राहण्याची अट सरकारी पद्धतीत नाही.

मुलग्यांना मुलींपेक्षा हा त्रास थोडा जास्त होतो, कारण त्यांची फुप्फुसे जरा उशिरा पिकतात. जुळ्यांत दोन्ही बाळे बहुधा लवकर येतात आणि दुसऱ्याला धोका अधिक असतो. यात कोणाचा दोष नाही. अशी बाळंतपणे कोठे करायची हे आधी ठरवता येते, एवढेच.

आईचा वाढलेला रक्तदाब, तीव्र रक्तक्षय, लागोपाठची बाळंतपणे, यांनी बाळ लवकर येते किंवा पोटात त्याची वाढ खुंटते. तंबाखूबद्दल मात्र थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. बायका विडी-सिगारेट ओढत नाहीत म्हणून हा प्रश्न त्यांचा नाही असे आपण समजतो आणि सकाळी दातांना लावल्या जाणाऱ्या मशेरीकडे दुर्लक्ष करतो. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. मुंबईत १,२१७ गर्भवती स्त्रियांचा पाठपुरावा करून गुप्ता आणि श्रीविद्या यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मशेरीसारखी तंबाखू वापरणाऱ्यांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमनी हलकी आढळली आणि सरासरी सहा दिवस आधी जन्मली. सहा दिवस म्हणजे किती, हे वरचे आकडे वाचल्यावर निराळे सांगायला नको. मशेरीने पोट साफ होते, मळमळ थांबते, म्हणून गर्भारपणात ती वाढवली जाते हे आम्ही पाहिले आहे. सासूबाईंनी आपला डबा बाजूला ठेवला तर सुनेचे सुटणे सोपे जाते, हेही पाहिले आहे. चुलीचा धूर आणि घरातील पुरुषांची विडी यांचाही वाटा असतोच.

प्रसूतीच्या वेळची कारणे

पाणमोट फुटून अठरा तासांहून अधिक काळ झाला, आईला ताप आला किंवा पाण्याला दुर्गंधी आली, तर जंतू बाळापर्यंत पोहोचून त्याला न्यूमोनिया होऊ शकतो. पाणी कधी गेले ती वेळ लिहून ठेवावी. "काल कधीतरी" या उत्तराने डॉक्टरांचे काम अवघड होते.

पोटात बाळ गुदमरले, किंवा दिवस उलटून गेले, तर ते पोटातच पहिली शी करते आणि गर्भजल हिरवट होते. ते पाणी श्वासाबरोबर फुप्फुसात गेले तर नळ्या बंद होतात, आत दाह होतो आणि बाळ गंभीर होते. हा विकार पूर्ण किंवा जास्त दिवसांच्या बाळांचा आहे, फार लवकर जन्मलेल्यांत तो क्वचितच दिसतो. थांबावे म्हटले तरी किती थांबावे याला मर्यादा आहे ती अशी. चाळीस आठवडे उलटले की तपासणी वाढवावी आणि एकेचाळिसाव्यानंतर डॉक्टर सांगतील तसे दाखल व्हावे.

प्रसूती लांबली, नाळ दबली किंवा वार आधी सुटली, तर बाळ श्वास न घेताच बाहेर येते. साधारण दहातील एका बाळाला पहिला श्वास घेण्यास थोडीफार मदत लागते. अंग पुसणे, पाठ चोळणे, न जमल्यास पहिल्या मिनिटातच पिशवी आणि मुखवट्याने हवा देणे, एवढ्याने त्यांतील बहुतेक सावरतात. पूर्वी अशा बाळाला पाय धरून उलटे लटकवीत, चापट्या मारीत, काही ठिकाणी ताट वाजवीत किंवा वार गरम करीत. यांत मोलाचे मिनिट जाते. कळा वाढवण्याचे इंजेक्शन घरी किंवा गावातील अर्धवट माहितीच्या माणसाकडून घेणे तर अत्यंत घातक. अतिजोराच्या कळांत बाळाला रक्तपुरवठा मिळत नाही आणि ते पोटातच गुदमरते.

हृदयातील दोष, किंवा छाती आणि पोट यांमधील पडद्याला छिद्र असणे, अशी जन्मजात कारणेही असतात. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत त्यांतील बरीच दिसू शकतात.

घरातील हवा

बाळ व्यवस्थित जन्मले तरी पहिल्या दिवसांत त्रास निर्माण करणाऱ्या काही सवयी आपल्याच घरांत आहेत. जन्मताच आंघोळ घातल्याने बाळ गार पडते. गार पडलेल्या बाळाला प्राणवायू जास्त लागतो आणि जे कसेबसे श्वास घेत होते ते थकते. आंघोळ निदान एक दिवस पुढे ढकलावी, बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरावे, डोके झाकावे. नाकात तेल सोडण्याची पद्धत तर बंदच केली पाहिजे. ते तेल थेट फुप्फुसात उतरते आणि तिथे न्यूमोनिया करते. गुटी, मध, एरंडेल चाटवतानाही असाच ठसका लागतो.

धुरीबद्दल बोलले की वडीलधाऱ्या बायका नाराज होतात, हे आम्हाला माहीत आहे. आंघोळीनंतर निखाऱ्यावर ओवा, वावडिंग, बाळंतशेपा टाकून बाळाला त्या धुरावर धरायचे आणि दार लावून घ्यायचे, ही मायेने केलेली गोष्ट आहे यात शंका नाही. पण धूर तो धूरच. बंद खोलीतल्या निखाऱ्याचा विषारी वायू दिसत नाही. बाळंतिणीला ऊब हवी असेल तर पांघरूण द्यावे, शेगडी बाहेर ठेवावी.

ओळखावे कसे

बाळ शांत असताना, दूध पीत किंवा रडत नसताना, पोट उघडे करून घड्याळ समोर ठेवून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नये, कारण नवजात बाळाचा श्वास एकसारखा नसतो. मध्येच पाच-दहा सेकंद थांबून ते पुन्हा भराभर घेते, हे स्वाभाविक आहे. वीस सेकंद थांबले किंवा थांबताना रंग बदलला तर ते स्वाभाविक नाही. मिनिटाला ६० किंवा अधिक श्वास आले तर पुन्हा एकदा मोजावेत आणि तेवढेच आले तर दवाखाना गाठावा. छातीखालची बाजू प्रत्येक श्वासाला आत ओढली जाणे, नाकपुड्या फुलणे आणि श्वास सोडताना कण्हणे ही तर मोजण्याचीही वाट न पाहण्याची लक्षणे आहेत. कण्हणे ऐकून "बाळ बोलते आहे" असे म्हणणारी माणसे आम्हाला भेटली आहेत. मिटू पाहणारे वायुकोश उघडे ठेवण्याची ती बाळाची धडपड असते. हातपाय पहिल्या दिवशी निळसर दिसले तर घाबरू नये, जीभ आणि ओठ मात्र पाहावेत. सावळ्या बाळाच्या कातडीवरून रंग कळत नाही, जिभेवरून कळतो.

हे काम शिकलेल्या माणसांनाच जमते असे नाही. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने न शिकलेल्या सुइणींनाही श्वास मोजता यावेत म्हणून मणी सरकवण्याचे साधे उपकरण तयार केले. १९९५ पासून ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली गेली. तिसऱ्या वर्षापर्यंत तिथले नवजात बाळांचे मृत्यू तुलनेच्या गावांच्या मानाने सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली प्रसिद्ध झाले. २०११ पासून केंद्र सरकारने आशा कार्यकर्तीमार्फत हीच पद्धत देशभर घेतली. दवाखान्यात बाळंतपण झाले असले तरी आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. त्या आल्या की बाळ झोपले आहे म्हणून परत पाठवू नये. झोपलेल्या बाळाचे श्वास मोजणे उलट सोपे.

बाळाला हलवावे लागले तर १०८ किंवा १०२ क्रमांकाची गाडी बोलवावी. सरकारी दवाखान्यात आजारी नवजात बाळाचा उपचार आणि ने-आण यांचा खर्च २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे. गाडीत बाळ आईच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या छातीशी, कपड्यांच्या आत, मान किंचित सरळ ठेवून न्यावे. धाप लागलेल्या बाळाला वाटेत चमच्याने काही पाजू नये. सोबतच्या कागदावर जन्माची वेळ, वजन, पाणमोट कधी फुटली, बाळ लगेच रडले का, आईला स्टेरॉइडची किती इंजेक्शने मिळाली आणि किती आठवडे भरले होते, हे लिहून घ्यावे. घरी सोडताना मिळालेले कार्ड जपून ठेवावे आणि पुढच्या खेपेला पहिल्याच तपासणीत दाखवावे, कारण एक बाळ दिवसांआधी आले असेल तर पुढचेही तसे येण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते.